पाच माणसं आणि ३८ किलोचा भालू: एसयूव्ही घेताना नक्की काय बघावं?

रानजाई
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.
घरात आम्ही दोघं, मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ३ वर्षांची (तिला अजून चाइल्ड सीट लागते), सासूबाई आणि आमचा भालू. जर्मन शेफर्ड आहे, चार वर्षांचा, वजन ३८ किलो. सध्याची गाडी छोटी हॅचबॅक, त्यात भालू मागच्या सीटवर पोरांच्या पायाशी अर्धा आणि मांडीवर अर्धा असा बसतो. मागच्या महिन्यात पुढच्या गाडीने एकदम ब्रेक मारला म्हणून आम्हीही मारला, आणि भालू सीटवरून सुटून पुढच्या दोन सीटच्या मधल्या फटीत जाऊन आदळला. कुणाला लागलं नाही, पण धाकटीच्या तोंडापासून वीतभर अंतरावरून गेला तो. त्या रात्री मला झोप आली नाही. आता एसयूव्ही घ्यायचीच असं ठरलंय. मी सगळ्या गाड्यांच्या डिकीचे लिटर लिहून यादी केलीय, पण त्यावरून काही कळत नाहीये. पाच सीटर बघू की सात सीटर? भालूला डिकीत बसवणं बरोबर आहे का? जाळी, पिंजरा, पट्टा, काय घ्यावं? ज्यांच्याकडे मोठे भुभू आहेत त्यांनी प्लीज अनुभव लिहा.

स्पॅनरवाला
ताई, ती लिटरची यादी आधी बाजूला ठेवा. आकडा खोटा नसतो, पण तो सामानासाठी काढलेला असतो. व्हीडीए पद्धत म्हणतात त्यात २०० x १०० x ५० मिलिमीटरचे, म्हणजे बरोबर एक लिटरचे ठोकळे डिकीत रचतात आणि किती बसले ते मोजतात. ठोकळा कोपऱ्यात बसतो, टायरच्या उंचवट्याच्या मागच्या खोबणीत बसतो, फ्लोअरखालच्या कप्प्यातही बसतो. भालू यातल्या कशातच बसणार नाही. शिवाय कोणी सीटच्या पाठीपर्यंत मोजतं, कोणी टपापर्यंत, त्यामुळे दोन गाड्यांचे आकडे शेजारी ठेवून काही अर्थ निघत नाही.
टेप घेऊन जा आणि स्वतः मोजा. मागची सीट माणसांना सोयीची पडेल इतक्या मागे सरकवून मगच फ्लोअरची लांबी मोजा, कारण शोरूममध्ये सीट बऱ्याचदा पुढे ओढून ठेवलेली असते आणि डिकी मोठी दिसते. रुंदी मोजायची ती दोन व्हील आर्चच्या, म्हणजे त्या टायरच्या उंचवट्यांच्या मध्ये, काचेपाशी नाही. फ्लोअरपासून टपाची उंची दोन ठिकाणी घ्या, सीटपाशी आणि दारापाशी. मागून उतरत्या टपाच्या गाड्या, ज्यांना कूपे स्टाइल म्हणतात, त्या दिसायला छान असतात पण दारापाशी उंची एकदम कमी होते आणि कुत्र्याचं डोकं नेमकं तिथेच येतं. मग दाराच्या चौकटीची उंची, आणि शेवटी डिकीचा ओठ, म्हणजे सामान चढवायची खालची कड, जमिनीपासून किती वर आहे ते.

पाऊलखुणा
+१. आमच्याकडे पॅनोरमिक सनरूफ आहे, त्याच्या चौकटीने मागच्या सीटवरची उंची थोडी खाल्लीय आणि उन्हात वरून तापतं ते वेगळंच. मोठा कुत्रा असेल तर सनरूफ नसलेलं व्हेरियंट बघा असं माझं मत.

सायलीची_आई
आम्ही सात सीटर घेतली, तेव्हा डोक्यात हेच होतं की तिसरी रांग पाडली की भलीमोठी जागा होईल. लांबी खरंच मिळते पण एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती, पाडलेल्या सीटा जमिनीत पूर्ण जात नाहीत, त्यांची जाडी फ्लोअरवर येते आणि फ्लोअर वर उचलला जातो. म्हणजे लांबी वाढली पण उंची गेली. त्यात दुसरी रांग आणि पाडलेल्या सीटांच्या मध्ये एक फट राहते, आमच्या लॅबचा पाय पहिल्याच आठवड्यात त्यात अडकला. नंतर जाड प्लायवूड कापून वर रबरी मॅट टाकली तेव्हा कुठे नीट झालं. सगळ्या गाड्यांत असं नसतं, काहींमध्ये सीटा छान सपाट बसतात, पण तुम्ही स्वतः हात घालून बघा.
आणि सात सीटर म्हणजे सात माणसं अधिक कुत्रा असं होत नाही हो. तिसरी रांग उभी केली की मागे पिशवी ठेवायला जेमतेम जागा उरते.

रानजाई
बापरे, हे फटीचं माझ्या डोक्यातच आलं नसतं. धन्यवाद दोघांनाही. पण भालूला मोजायचं कसं? तो उभा असताना, बसलेला असताना, झोपलेला असताना वेगवेगळा दिसतो मला.

दोन_शेपट्या
तीन मापं घ्या. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, शेपूट धरायची नाही. उभा असताना जमिनीपासून डोक्याच्या वरपर्यंत उंची, शेफर्डचे कान उभे असतात तर कानांसकट. आणि बसलेला असतानाची उंची, कारण काही कुत्रे बसल्यावर जास्त उंच होतात. जातीच्या तक्त्यात देतात ती उंची खांद्यापर्यंतची असते, जर्मन शेफर्ड नर ६० ते ६५ सेंटिमीटर असं, त्यावर गाडी घेतलीत तर मान वाकवून प्रवास करेल बिचारा.
आता माझी युक्ती. शोरूममधून मापं आणा आणि घरात फरशीवर चिकटपट्टीने तेवढाच चौकोन आखा, व्हील आर्चसकट. त्यात भालूची नेहमीची गादी टाका आणि तो आपणहून आत वळून बसतो का ते बघा. कुत्रा झोपायच्या आधी गोल फिरतो, ते फिरणं त्या चौकोनात जमलं पाहिजे. आम्ही असं करून चार गाड्यांमधल्या दोन घरबसल्या कटाप केल्या, सेल्समनशी वाद नाही काही नाही. आमच्याकडे एक लॅब आणि एक इंडी (देशी कुत्रा) आहे, दोघांसाठी एकच डिकी आहे, त्यामुळे हे सगळं डबल करावं लागलं.

रानजाई
मोजलं! लांबी ९८, उभा कानांसकट ८४, बसून ८६. मुलाने टेप धरला आणि मुलगी भालूला हलू नको म्हणून समजावत होती. नवऱ्याने येताना एका पाच सीटर गाडीची मापं आणली होती, फ्लोअर ८८ लांब, आर्चच्या मध्ये १०१ रुंद, उंची मध्यावर ७९ आणि दारापाशी ६८. चौकोन आखला तर भालू आडवा मावतो, वळतोही, पण उभं राहिल्यावर कान टपाला लागणार हे नक्की. त्याला पूर्ण उभं राहता यायलाच हवं का?

जनावरांची_डॉक्टर
मी याच क्षेत्रात आहे म्हणून लिहिते. चालत्या गाडीत कुत्र्याने उभं राहूच नये, बसलेला किंवा झोपलेला असणं त्याच्यासाठी सगळ्यात सुरक्षित. पण मान न वाकवता बसता आलंच पाहिजे, आणि गाडी थांबल्यावर अंग ताणता, वळता आलं पाहिजे. तुमच्या मापात ८६ विरुद्ध ७९ म्हणजे तो ताठ बसू शकत नाही. लांब प्रवासात हे त्रासाचं होईल. अजून बघा, घाई करू नका.
दुसरं, डिकीचा ओठ. जर्मन शेफर्ड आणि लॅब दोघांनाही खुब्याच्या सांध्याचा त्रास होण्याचं प्रमाण बरंच असतं. आज चार वर्षांचा आहे, टुणकन उडी मारेल. गाडी तुम्ही आठ-दहा वर्षं वापरणार, तेव्हा तो म्हातारा असेल आणि ३८ किलोचं जनावर रोज उचलणं तुमच्या कमरेलाही झेपणार नाही. वर चढण्यापेक्षा खाली मारलेली उडी पुढच्या पायांना जास्त बाधते हेही लक्षात असू द्या. ओठ ७५ सेंटिमीटरवर असेल आणि रॅम्प १५० चा घेतलात तर चढ ३० अंशांचा होतो, बरेच कुत्रे त्यावर पाय ठेवत नाहीत. १८० चा घेतलात तर साधारण २५ अंश, तो जमतो. पण १८० चा रॅम्प घडी घालून ठेवायलाही डिकीत जागा लागते, ती धरून मोजा. ओठ कमी उंचीचा असेल तर या सगळ्यातून सुटका. आणि रॅम्पची सवय आत्ताच लावा, घरात जमिनीवर सपाट ठेवून, दुखायला लागल्यावर नवीन गोष्ट शिकवणं अवघड जातं.
तिसरं आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठं, हवा. एसीचे मागचे व्हेंट बहुतेक पाच सीटर गाड्यांत दोन पुढच्या सीटच्या मध्ये असतात, ती हवा मागच्या माणसांना लागते आणि डिकीत पोचेपर्यंत तिच्यात दम राहत नाही. टेस्ट ड्राइव्हला एकाने डिकीच्या बाजूला हात लांब करून दहा मिनिटं बसावं. तिसऱ्या रांगेला वेगळे व्हेंट असलेली सात सीटर इथे खरंच उपयोगी पडते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो, आणि धापेला थंड हवा लागते. नॉर्मल तापमान ३८.३ ते ३९.२ सेल्सियस, ४१ च्या वर गेलं की जिवाशी खेळ.

पाऊलखुणा
आणि बंद गाडीत पाच मिनिटंही सोडायचं नाही ना डॉक्टर? काच थोडी खाली ठेवली तर?

जनावरांची_डॉक्टर
काच खाली ठेवून जवळपास काहीच फरक पडत नाही. पीडियाट्रिक्स या वैद्यकीय नियतकालिकात २००५ साली यावर अभ्यास आला होता, मोजलेल्या दिवशी बाहेरचं तापमान २२ ते ३६ सेल्सियसच्या मधलं होतं, तरी तासाभरात गाडीच्या आतलं सरासरी २२ अंशांनी वाढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. मी उष्माघाताचे कुत्रे टेबलावर बघितलेत. मालक प्रेमळच असतात, फक्त "आलोच" म्हणून गेलेले असतात. थांबायचं असेल तर एक माणूस कुत्र्याबरोबर बाहेर सावलीत, बस.

उलटा_गिअर
मी थोडं वेगळं मत मांडतो. आमचा गोल्डन रिट्रीव्हर मागच्या सीटवर हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) लावून बसतो, बक्कलमध्ये अडकवायचा पट्टा मिळतो तो लावतो. माणसांच्या जवळ असतो, एसी लागतो, आम्हाला दिसतो. डिकीत टाकला की रडतो. कुटुंबातला आहे तर कुटुंबात बसू दे ना.

स्पॅनरवाला
भावना कळते दादा, पण ताईंकडे पाच माणसं आहेत, मागची सीट भरलेलीच आहे. तुमच्यासारखी दोन-तीन माणसं असतील तर चांगला हार्नेस हा योग्यच उपाय आहे. फक्त तो छातीवर रुंद पट्टा असलेला आणि धडकेची चाचणी झालेला हवा, फिरवायचा साधा हार्नेस नाही. अमेरिकेत सेंटर फॉर पेट सेफ्टी म्हणून ना-नफा संस्था आहे, त्यांनी कुत्र्याच्या आकाराचे वजनदार पुतळे वापरून हार्नेसच्या चाचण्या केल्यात. गळपट्ट्याला कधीच अडकवायचं नाही, मान मोडेल. आणि पुढच्या सीटवर तर नाहीच, एअरबॅग माणसाच्या मापाची असते.
ताईंच्या ब्रेकच्या गोष्टीवरून सांगतो. ताशी ५० किलोमीटरला धडक झाली तर न बांधलेला भालू त्याच वेगाने पुढे जात राहतो. तो वेग म्हणजे जवळपास १० मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखा. तो पुढच्या माणसावर पडला तर दोघंही गेले. प्रेम आहे म्हणूनच बांधायचं.

उलटा_गिअर
पटलं. तिसऱ्या मजल्याचं ऐकून काटा आला अंगावर. माझा हार्नेस चाचणीचा आहे का ते आजच बघतो.

रानजाई
काका, मग डिकीत भालू सुटा आणि मध्ये फक्त सीटची पाठ, हे पुरेसं आहे का?

स्पॅनरवाला
नाही. सीटच्या पाठीसाठी संयुक्त राष्ट्रांचा आर १७ नावाचा नियम आहे, त्यात सीटच्या मागे १८-१८ किलोचे दोन ठोकळे ठेवून साधारण ५० च्या वेगाच्या धडकेची चाचणी घेतात. दोन्ही मिळून ३६ किलो. तुमचा एकटा भालू ३८ चा, त्यात सामान वेगळं. म्हणजे सीटची पाठ मदत करते पण सगळा भार तिच्यावर टाकायचा नाही, आणि पाठीच्या वरून तो उडून येऊ शकतो ते तर आहेच. म्हणून सीटच्या पाठीपासून टपापर्यंत लोखंडी जाळी. वोल्वो, स्कोडा, सुबारू अशा कंपन्या स्वतःच्या गाड्यांसाठी मापाची जाळी देतात, ती टपाच्या पक्क्या जागी बोल्टने बसते. बाजारातली नुसती दाबून बसवायची सळयांची जाळी कुत्र्याला पुढे यायला अडवते, धडकेत मात्र तिच्यावर विसंबू नका. डिकीत खाली चार कोपऱ्यांत लोखंडी कड्या आहेत का तेही बघा, पिंजरा घेतलात तर तो त्यांनाच बांधायचा. काही गाड्यांत नुसते प्लास्टिकचे हुक असतात, ते पिशव्यांसाठी.

दोन_शेपट्या
पिंजरा घेणार असाल तर मागे सीटच्या बाजूला इमर्जन्सी दार असलेला घ्या. मागून कोणी ठोकलं आणि डिकीचं दार जाम झालं तर कुत्र्याला बाहेर काढायला तोच रस्ता राहतो.

सायलीची_आई
एक मुद्दा सगळ्यांचा सुटला. तुमच्या मुलीची चाइल्ड सीट. आयसोफिक्सच्या, म्हणजे गाडीतल्या दोन पक्क्या कड्यांना थेट अडकणाऱ्या सीटला बऱ्याचदा वरून एक पट्टाही असतो, टॉप टेदर. तो अडकवायची कडी बऱ्याच गाड्यांत सीटच्या पाठीला मागून असते, पण काहींत ती डिकीच्या फ्लोअरला किंवा टपाला असते. तशी असली तर तो पट्टा भालूच्या जागेतून आडवा जाणार. एक तर जाळी नीट बसणार नाही आणि दुसरं म्हणजे कुत्रा तो चावणार. आमच्या लॅबने तीन दिवसांत दातांनी अर्धा कुरतडला होता, नशिबाने मी सीट काढून साफ करताना बघितलं. तेव्हा चाइल्ड सीट घेऊनच शोरूममध्ये जा, लावून बघा. आयसोफिक्स बहुतेक गाड्यांत दोन कडेच्या जागांनाच असतं, तेव्हा मध्ये कोण बसणार तेही आधी ठरवा.

रानजाई
तुम्ही सगळे किती मनापासून लिहिताय, खरंच डोळे भरून आले. रविवारी चाइल्ड सीट, टेप, जुनी चादर, भालू आणि सासूबाई असा सगळा जथा घेऊन जातेय. मधल्या जागी मी बसणार.

चाकोरीबाहेर
छोटंसं. वजनाचा हिशोब करा. गाडीच्या कागदांत कमाल वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन दिलेलं असतं, त्यातला फरक म्हणजे तुम्ही भरू शकता तेवढं. तुमची पाच जणं समजा २८० किलो, भालू ३८, जाळी-मॅट १५, सामान ६०, झाले जवळपास ४००. हायब्रिड किंवा सीएनजी असेल तर डिकीतलं सिलिंडर किंवा बॅटरी फ्लोअर किती वर उचलते तेही बघा. आणि डिकीतलं सामान टपावर हलवणार असाल तर टपाची मर्यादा मॅन्युअलमध्ये असते, ती बॉक्सच्या वजनासकट धरायची असते, लोक हेच विसरतात.

पाऊलखुणा
केसांबद्दल कोणी बोललंच नाही! कापडी सीट आणि डिकीतलं कार्पेट, दोन्हीत शेफर्डचे केस सुईसारखे घुसतात, व्हॅक्युमनेही निघत नाहीत. रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेने ओढा, गोळा होऊन येतात. डिकीत कडा वर आलेला रबरी ट्रे टाका. लेदरेट पुसायला सोपं पण नखांनी भोकं पडतात, आणि ब्रेक लागला की कुत्रा घसरतो, वर जाड कापड लागतंच.

रानजाई
जाऊन आलो. सविस्तर लिहिते म्हणजे पुढच्या कुणाला तरी उपयोगी पडेल.
पहिली गाडी, कूपे टपाची, मुलाला प्रचंड आवडलेली. भालूने डिकीत डोकं घातलं आणि परत बाहेर काढलं. चढलाच नाही. विषय तिथेच संपला.
दुसरी सात सीटर, लॅडर फ्रेमची (ट्रकसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बसवलेली) दणकट. तिसरी रांग पाडून लांबी ११०, एकदम छान, पण फ्लोअरपासून टप ७६ आणि डिकीचा ओठ ८३ वर! भालूने पुढचे पाय वर ठेवले आणि आमच्याकडे बघत उभा राहिला. शिवाय सासूबाईंनाही पुढच्या सीटवर चढताना दांड्याला लटकावं लागलं, त्या काही बोलल्या नाहीत पण मला दिसलं.
तिसरी सात सीटरच, पण मोनोकोक (वेगळा सांगाडा नसलेली, एकसंध बॉडीची), बुटकी आणि लांब. लिटरच्या माझ्या यादीत ही खालून दुसरी होती! ओठ ६८ वर. पाडलेल्या सीटा जवळपास सपाट, फट आहे पण दोन बोटांची. उंची मध्यावर ८८, दारापाशी ७९. रुंदी १०४. तिसऱ्या रांगेचे व्हेंट बाजूच्या खांबात आहेत आणि तिसरी रांग पाडल्यावरही उघडे राहतात, मी स्वतः हात ठेवून बघितलं. टॉप टेदरची कडी सीटच्या पाठीलाच. चादर अंथरल्यावर भालू आत चढला, दोनदा गोल फिरला, बसला. कान टपाला लागले नाहीत. सेल्समनने आधी कुत्रा बघून तोंड वाकडं केलं होतं, नंतर तोच मोजायला टेप धरून उभा होता.

उलटा_गिअर
भारी! टेस्ट ड्राइव्हला नेलंत का भालूला? गाडी हलल्यावर गणित बदलतं, आमचा मागे बसल्यावर ओकतो.

रानजाई
हो, वीस मिनिटं फिरवलं, खड्ड्यांतून मुद्दाम. मागच्या चाकांच्या मागे बसल्याने हादरे जास्त बसतात हे जाणवलं, मीच थोडा वेळ मागे बसून बघितलं. भालू पहिली दहा मिनिटं लाळ गाळत होता, मग झोपला. दादा, तुमच्याकडे ओकतो त्याबद्दल डॉक्टर काही सांगतील का?

जनावरांची_डॉक्टर
निघायच्या आधी दोन-तीन तास खायला देऊ नका, पाणी चालेल. बाजूच्या काचांना पडदा लावून बघा, बाहेरचं भराभर मागे पळणारं दिसलं नाही की बऱ्याच जणांना बरं वाटतं. दर दोन तासांनी थांबा. तरीही ओकत असेल तर डॉक्टरांकडून औषध मिळतं, स्वतःच्या मनाने माणसाची गोळी देऊ नका. आणि काचेतून डोकं बाहेर काढू देऊ नका, डोळ्यात कचरा जाऊन झालेल्या जखमा मी नेहमी बघते.

स्पॅनरवाला
ताई, बुकिंगच्या आधी एवढंच करा. कंपनीची जाळी तिसरी रांग पाडलेल्या स्थितीत दुसऱ्या रांगेमागे बसते का ते लेखी विचारा, काही जाळ्या फक्त तिसऱ्या रांगेमागच्या असतात. ऑटोमॅटिक डिकी असेल तर ती बंद होताना मध्ये काही आल्यावर थांबते का ते पुठ्ठ्याचा खोका ठेवून बघा, शेपूट ठेवून नाही. आणि मागच्या काचांचं लॉक कायम चालू ठेवा, पाय पडून काच खाली जाते.

रानजाई
काका, विचारलं. जाळी दोन्ही ठिकाणी बसते, लेखी मिळालंय. खोक्याची चाचणी पण केली, थांबली. काल बुकिंग केलं. गाडी येईपर्यंत घरातला चिकटपट्टीचा चौकोन नवीन मापाने परत आखलाय, भालूची गादी त्यातच आहे आणि रॅम्प शेजारी सपाट ठेवलाय. आज सकाळी मुलगी त्यावरून चालत होती आणि भालू तिच्या मागून.